बिनवासाचा फ्लास्क

टीममध्ये तिचं नाव नकटी पडलं होतं, आणि गंमत म्हणजे ते तिनं स्वतःच सुचवलं होतं. तसं तिचं नाक चांगलं सरळ होतं, फोटोत तर फारच छान यायचं, पण नुसतं शोभेचं. ज्या तापात आई गेली त्याच तापात हिचं नाकही गेलं, आणि ताप उतरला तरी ते काही परत आलं नाही. दूध नासलंय का, गॅस चालू राहिलाय का, मोजे आज धुवायला टाकावेत की अजून एक दिवस ढकलावा, सगळं दुसऱ्याला विचारायचं. एकदा तर टोस्ट करपून कोळसा होत होता आणि ही त्याच्यासमोर आरामात वाचत बसली होती. शेजारचे धावत आले तेव्हा कुठे तिनं मान वर केली. तर अशा मुलीला वासाच्या प्रोजेक्टमध्ये घेतलं कोणी, असं कुणीही विचारेल. उत्तर सोपं होतं. नाक नव्हतं म्हणूनच घेतलं होतं.

प्रोजेक्ट होता जखमेवरच्या पट्टीचा. पट्टीत जिवाणू भरायचे, निरुपद्रवी, अगदी पाळलेले, आणि त्यांच्यात एक जीन असा बसवायचा की जखमेत पू धरायला लागला की त्यांनी पिकलेल्या केळ्याचा वास सोडायचा. म्हणजे घरी पट्टी बदलणाऱ्याला ना मशीन लागणार ना डॉक्टर. केळ्याचा वास आला की समजायचं, काहीतरी बिघडतंय. विद्यापीठांच्या स्पर्धेत हे नुसतं रंगीत चित्रं दाखवून चालत नाही, सिद्ध करावं लागतं, आणि वास सिद्ध करायचा तर शेवटी माणसाचंच नाक लागतं. मग वास घेणारे रांगेत बसणार, समोर छोट्या कपांत एकेक नमुना येणार, काहींत केळेवाले जिवाणू आणि एकात कंट्रोल. कंट्रोल म्हणजे तेच जिवाणू, पण ज्यांच्यात काहीच घातलेलं नाही असे. ही जातच मुद्दाम बिनवासाची निवडलेली. त्या कपाला सगळ्यांनी शून्य म्हटलं, तर बाकीच्या केळ्याला अर्थ.

अडचण अशी की कप पुढे करणाऱ्याला वास आला की त्याच्या चेहऱ्यावरून समोरच्याला लगेच कळतं. कॅप्टननं प्रयत्न केला, त्याच्या नाकपुड्या फुलायच्या. तो टीमचा सगळ्यात मोठा, शेवटच्या वर्षातला, सहा फुटी आणि अतिशय प्रामाणिक, म्हणून त्याच्या चेहऱ्यावर काही लपायचंच नाही. ज्योतिष्यानं प्रयत्न केला, तर त्याला हसूच आवरेना. हा ज्योतिषी म्हणजे कॉम्प्युटरवर जिवाणूंचं भविष्य वर्तवणारा टीममधला तिसरा, ज्याचं एकही भविष्य आजवर खरं ठरलं नव्हतं आणि ज्यानं टीममध्ये आल्यापासून केळं खाणं कायमचं सोडलं होतं. नकटीचा चेहरा मात्र कोरी भिंत. म्हणून जिवाणू वाढवणं, कप भरणं, पुढे करणं, सगळं खातं तिच्याकडे आलं. आणि ती खूश होती. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच तिच्या नसलेल्या नाकाचा कुणाला तरी उपयोग होत होता.

घरी मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

घरी आईचं जाकीट होतं. निळं, रजईसारखं टाके घातलेलं, आत कच्चा कापूस भरलेलं. आई विद्यापीठाच्याच ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी करायची, आणि त्या तळघरातल्या खोलीत बारा महिने गारठा, म्हणून ते जाकीट कायम अंगावर. त्यात खळीचा वास होता, मेण लावलेल्या दोऱ्याचा होता, आणि त्याखाली तिचा स्वतःचा. बाबांनी ते न धुता चेनच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. रात्रीचं जेवण उरकलं की बाबा आणि धाकटी बहीण सोफ्यावर बसायचे, चेन थोडीशीच उघडायचे, दोघं आळीपाळीनं तोंड आत घालायचे, आणि लगेच बंद, संपायला नको म्हणून. डोळे मिटूनच करायचं हे, असा धाकटीचा नियम होता. उघड्या डोळ्यांनी जाकीट दिसतं, म्हणायची, आई दिसत नाही.

नकटीची पाळीही यायची. तीसुद्धा तोंड आत घालायची, डोळे मिटायची, एक मोठा श्वास घ्यायची आणि "हं" म्हणायची. तिला प्लॅस्टिकचा गार स्पर्श व्हायचा, बाकी काही नाही. पण बाबा तिच्याकडे अशा आशेनं बघायचे की "हं" म्हणण्यावाचून दुसरं काही सुचायचंच नाही. त्या जाकिटाची काखेतली शिवण उसवली होती. एकदा तिनं बाबांना विचारून तिथला मूठभर कापूस काढून घेतला आणि प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवला. वास नाही तर नाही, हाताला तरी लागेल.

धाकटीचं नाक तर कमालीचं तिखट. प्रयोगशाळेत जिवाणूंना जे खाद्य घालतात ते शिजवताना सुटणारा आंबलेल्या पावासारखा वास नकटीच्या केसांत बसायचा म्हणे, त्यामुळे ही दारात चप्पल काढते न काढते तोच आतल्या खोलीतून, अभ्यासातून मान वर न करता, धाकटी ओरडायची, "ताई आली." रोज. कधी चुकायची नाही. एकदा नकटी मुद्दाम दाराबाहेर श्वास रोखून उभी राहिली, तरीही आतून आलंच, "ताई आली, आणि उगाच बाहेर उभी आहे."

आता त्या कापसाचं काय झालं ते ऐका, कारण सगळं तिथून सुरू झालं.

जिवाणू वाढवायच्या काचेच्या फ्लास्कच्या तोंडाला टीममध्ये कापसाचा बोळा लावायचे. मलमलीत गुंडाळलेला, गच्च, म्हणजे हवा आत जाते पण बाहेरचे जंतू जात नाहीत. त्यालासुद्धा कच्चाच कापूस लागतो. दवाखान्यातला पांढराशुभ्र कापूस पाणी पितो, ओला होतो आणि ओल्या बोळ्यातून घाण आत शिरते, त्यामुळे तो अजिबात चालत नाही. त्या दिवशी नेमका कच्चा कापूस संपला. स्टोअरवाल्यानं हात वर केले, म्हणाला आठवड्याभरात येईल. सगळे फ्लास्क भरून तयार, एकट्या कंट्रोलचं तोंड उघडं. प्रथमोपचाराच्या पेटीत दवाखान्यातला कापूस ढीगभर पडला होता, आणि दुसऱ्या कुणीही तोच उचलला असता. पण ही शिकलेली, काटेकोर. ओला बोळा म्हणजे महापाप हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिचा हात खिशात गेला. कच्चा कापूस, जुना, गच्च दाबलेला, बोळ्याला अगदी उत्तम. वाफेच्या कुकरमध्ये तासभर ठेवला की त्यात जिवंत असं काय उरणार होतं?

तिनं तो मलमलीत गुंडाळला, प्रेमानं, आणि कंट्रोलच्या तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आतल्या छोट्या खोलीत कप भरत होती. केळेवाल्या फ्लास्कचे बोळे काढले, काही नाही. बाहेरून ज्योतिषी ओरडत होता की जिन्यापर्यंत केळी केळी झालंय, त्याला आता स्वप्नातही माकडं दिसतात. तिनं कंट्रोलचा बोळा काढला.

आणि आई खाली वाकली.

म्हणजे तसंच काहीतरी झालं. शाळेत जाताना बुटाची नाडी बांधायला आई समोर वाकायची तेव्हा तिची मान नेमकी हिच्या नाकाशी यायची, खळ, मेणाचा दोरा, आणि त्याखाली ऊबदार, किंचित खारट, दुसऱ्या कशाचाच नसलेला तो वास. तो आला आणि गेला. ती फ्लास्क धरून उभीच राहिली. मग तिनं वेड्यासारखं हाताला लागेल ते नाकाशी धरून बघितलं, स्पिरिट, साबण, व्हिनेगर, स्वतःची बाही. काही नाही, भिंत. पुन्हा कंट्रोल. आई.

बाहेर वास घेणाऱ्यांनी एकेक कप हुंगला आणि कंट्रोलला सगळ्यांनी निर्विवाद शून्य दिलं. टीमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, इतका स्वच्छ कंट्रोल त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

तिनं कुणालाच काही सांगितलं नाही, ताकास तूर लागू दिली नाही. काय सांगणार? दोन वर्षांत पहिला वास आला, तोही ज्यात काहीच नाही त्या फ्लास्कमधून? नियम असा होता की वापरलेले जिवाणू ब्लीच ओतून मारायचे आणि नवे वाढवायचे. तिनं तो पाळला, पण बोळा मात्र तोच ठेवला, कंट्रोलचा बोळा म्हणून, कारण त्या मानेला तोच बरोबर बसायचा असं ती स्वतःला समजावायची. नवे जिवाणू वाढले की वास पुन्हा यायचा, आणि दर वेळी थोडा वेगळा. कधी आई थंडीतून नुकतीच आत आलेली. कधी केस धुतलेली. एकदा चिडलेली, चिडलेल्या माणसालाही वास असतो हे तिला ठाऊकच नव्हतं, पण तो हुंगताच तिनं चक्क "सॉरी" म्हटलं आणि मग एकटीच हसत सुटली. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन त्या खोलीत जाऊन बसायची. फ्लास्क हलवणारं यंत्र एका लयीत घुसळत राहायचं, ती घास घ्यायची आणि दिवसभराचं सगळं सांगत राहायची, मॅडम काय म्हणाल्या, ज्योतिष्याचं भविष्य कसं तोंडावर आपटलं, धाकटीला गणितात किती मिळाले. मध्येच बोळा काढायचा, जरासा श्वास, की परत लावायचा. संपायला नको म्हणून.

तिच्यात फरक पडला. ती गाणं गुणगुणायला लागली. कॅप्टन म्हणाला, नकटीला कुणीतरी भेटलंय. ज्योतिष्यानं लगेच भविष्य वर्तवलं की मुलगा भूगर्भशास्त्रातला आहे.

आणि घरी, त्याच सुमारास, एका रात्री बाबांनी जाकिटात तोंड घातलं आणि जरा जास्त वेळ ठेवलं.

"हिचा वास कमी झालाय का गं?" त्यांनी धाकटीला विचारलं.

धाकटीनं घेऊन बघितला. झालाय, म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला, की चेन नीट लावलेली नसते, बाबाच विसरतात, चष्मा कुठे ठेवला तेसुद्धा आठवत नाही त्यांना. लोकांचे चष्मे बनवायचं दुकान चालवणाऱ्या माणसाला हे टोमणे सवयीचे होते, पण त्या रात्री ते हसले नाहीत. त्यांनी पिशवीवर दुसरी पिशवी चढवली.

पुढचे दिवस तसेच. वास रोज थोडा थोडा उतरत गेला. बाबा कॉलर उलटी करून बघायचे, मग बाहीचं टोक, मग काखेतली शिवण. चेन लावायला कोण विसरलं यावरून दोघांची खडाजंगी व्हायची. नकटी मध्ये बसलेली. कापूस काढला म्हणून शिवणीतून वास उडून गेला असेल, असं ती मनाला सांगून बघायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बोळा काढला की फ्लास्कमधून आई आदल्या दिवसापेक्षा जास्त यायची, इतकी भरभरून, की मान फिरवून मागे बघावंसं वाटायचं.

मग ज्योतिष्यानं बॉम्ब टाकला. तोही वास घेणाऱ्यांच्या रांगेत बसायचा, आणि एका फेरीनंतर तो अगदी सहज म्हणाला, "कंट्रोल ओळखायला मला आता वास घ्यावाच लागत नाही. तो कप पुढे करताना नकटी हसते."

ते खरं होतं. कोरी भिंत हसायला लागली होती.

कॅप्टननं तिला बाजूला घेतलं, जिन्यात, दोघं पायरीवर बसले. तिनं सगळं सांगून टाकलं, जाकीट, कापूस, नाडी, सॉरी, सगळं. मग आत जाऊन कंट्रोलचा फ्लास्क घेऊन आला, बोळा काढला, स्वतः वास घेतला, खूप वेळ घेतला, डोळे मिटून.

"काहीच नाही गं," तो म्हणाला. "मला यायला हवा होता. खरंच."

त्यानं तिच्यासमोर केळेवाला नमुना धरला. तिला काही आलं नाही. कॉफी धरली, काही नाही. त्यानं तिची थट्टा केली नाही. एवढंच म्हणाला की तुझं नाक आलेलं नाही, तुझी आई आलीय, आणि त्यावर मी तुला काय सांगणार. पण आधीच्या फेऱ्या बाद कराव्या लागतील, आणि शेवटची फेरी मॅडमसमोर पुन्हा घ्यावी लागेल. तेव्हा कप मी पुढे करीन, नाकाला चिमटा लावून, दिसेन विदूषकासारखा, दिसू दे. तू फ्लास्क तयार कर फक्त.

"आणि तो बोळा?" तिनं विचारलं.

"ते तू ठरव," तो म्हणाला. "मी तो बघितलेला नाही."

तिला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. त्याऐवजी तिला एकाएकी घाई सुटली. वास जर कापसात आहे तर तो सगळ्यांचा आहे, मग बाबांनाही येणार. तिनं बाबांना फोन करून बोलावून घेतलं. ते दुकान बंद करून आले, गळ्यात भिंग तसंच लटकत होतं, आणि प्रयोगशाळेत इतके अवघडून उभे राहिले की जणू कुणाच्या तरी लग्नात चुकून शिरलेत. तिनं आतल्या खोलीत नेऊन फ्लास्क त्यांच्या हातात दिला. बोळा काढला. त्या क्षणी तिला ती खोली आईनं गच्च भरल्यासारखी वाटली.

बाबांनी वास घेतला. एकदा, दोनदा. मग तिच्याकडे बघितलं, आणि "हं" म्हणाले. "हं. आहे की. छान आहे."

त्यांचे डोळे सताड उघडे होते.

ते जाताना तिनं त्यांना गेटपर्यंत सोडलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, केसांतून फिरवला, आणि म्हणाले, "नीट जेवत जा बाळा." बस आली, ते चढले, खिडकीतून हात हलवला. दोन वर्षं ती घरी जे "हं" करत आली होती ते ऐकायला कसं वाटतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

परत येऊन ती आतल्या खोलीत गेली. यंत्र थांबवलं. फ्लास्क मांडीवर घेऊन बसली आणि तिनं पहिल्यांदाच कंजुषी न करता, मोजूनमापून नाही तर पोटभर, श्वास घेतला. सगळं आलं. नाडी, थंडी, केस, राग, तळघरातली ती खोली, आणि अगदी शेवटी, ज्या दिवशी हिला काही यायचंच बंद झालं होतं त्या दिवसाचा, जो हिनं कधी घेतलाच नव्हता, तोही. तो वाईट नव्हता. नुसता दमलेला होता.

मग तिनं ब्लीच ओतलं. बोळ्याची मलमल सोडली, आतला कापूस काढला, आणि रुमालात बांधून घरी घेऊन गेली. बाबा आणि धाकटी दोघंही बाहेर होते. तिनं सुई ओवली, तो कापूस जाकिटाच्या काखेत परत भरला आणि शिवण घातली. तिच्या आईनं ते टाके बघून नक्कीच नाक मुरडलं असतं, पण पक्के होते.

मात्र शेवटच्या फेरीसाठी कंट्रोल नव्यानं वाढवायचा होता आणि स्टोअरवाल्याचा कापूस अजून आलेलाच नव्हता. संध्याकाळी ती पुन्हा प्रयोगशाळेत गेली तेव्हा बाकी सगळी तोंडं बंद होती आणि कंट्रोलचं उघडं. तिनं इकडेतिकडे बघितलं. खुंटीवर तिचा स्वतःचा कोट लटकत होता, हिवाळी, कापूस भरलेला, आईनंच आणलेला, आणि खिशाच्या कोपऱ्यात त्याचं अस्तर कधीचं फाटलं होतं. तिचा हात आपोआप तिकडे गेला. यात काय असणार होतं, हा तर तिचाच. तिनं मूठभर ओढला, मलमलीत गुंडाळला, वाफेतून काढला आणि लावला. गच्च बसला. यंत्र सुरू केलं, फ्लास्क फिरायला लागला, आणि ती दिवा बंद करून निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कप भरायला आत आली. बोळा काढताना तिनं सवयीनं श्वास आत घेतला. काही नव्हतं. खोली नुसती खोली होती. तिला वाटलं होतं की रडू येईल, पण आलं नाही. खूप दिवसांनी सुटलेल्या गाठीसारखं मोकळं वाटलं. कॅप्टन चिमटा लावून आत आला, ट्रे उचलला, वळला आणि दचकला.

"कधी आलीस तू?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज चिमट्यातून गेंगाणा येत होता.

"मघाचीच आहे," ती म्हणाली. दोघं हसले.

फेरी झकास झाली. केळं म्हणजे केळं, आणि कंट्रोलला सगळ्यांनी शून्य. मॅडमनी तो कप स्वतः दोनदा हुंगला आणि म्हणाल्या की शून्याच्या खाली काही आकडा असता तर तो दिला असता, हा फ्लास्क मारू नका, स्पर्धेला असाच न्यायचा. ज्योतिष्यानं जाहीर केलं की आपण जिंकणार, तेव्हा मात्र सगळ्यांचे चेहरे पडले. मग फोटो काढायचं ठरलं. चौकटीत कोण आहे आणि कोण नाही यावरून गोंधळ झाला, कॅप्टन म्हणत राहिला की नकटी कुठंय, नकटीला बोलवा, आणि ती त्याच्या कोपराशी उभी राहून "अरे इथेच आहे मी" म्हणत हसत होती. निघताना तिनं आत डोकावून बघितलं. कंट्रोल यंत्रावर शांतपणे फिरत होता, नव्या बोळ्यासकट.

ती घरी आली. चप्पल काढली. आतून काही आवाज आला नाही. तिला वाटलं, धाकटी अभ्यासात असेल, किंवा कानात काहीतरी घालून बसली असेल.

दोघं सोफ्यावर होते. जाकीट पिशवीतून पूर्ण बाहेर काढलेलं, मांडीवर पसरलेलं, आणि दोघांची तोंडं त्यात खुपसलेली. बाबांचे खांदे हलत होते. क्षणभर तिला वाटलं ते रडतायत, मग कळलं की ते हसतायत. रडतायत आणि हसतायत.

"आलीय," बाबा कापडातूनच म्हणाले. "सगळीच्या सगळी आलीय गं."

धाकटीनं बाही घट्ट धरली होती. आवाज करून हे मोडावंसं नकटीला वाटेना. ती पाय न वाजवता गेली आणि दोघांच्या मधे जी जागा नेहमी तिची असायची तिथे अलगद बसली. तिचा गुडघा धाकटीच्या गुडघ्याला लागला. तिनं जाकिटाच्या कडेवर हात ठेवला, बाबांच्या हातापासून बोटभर अंतरावर, आणि त्या नव्या, वेड्यावाकड्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. खिडकीतून संध्याकाळ आत येत होती. बराच वेळ तिघं तशीच होती.

मग धाकटीनं तोंड जरासं वर केलं आणि हवेत एक श्वास घेतला, रोज घ्यायची तसाच.

"बाबा," ती म्हणाली, "ताईला फोन करा ना. तिला सांगायला हवं. अजून कशी आली नाही?"

बाबांनीही एक श्वास घेतला, सावकाश, सोफ्याच्या मधल्या जागेकडे तोंड करून.

"येईल," ते म्हणाले. "आली की कळेलच."

नकटीनं मनगट उचलून स्वतःच्या नाकाशी धरलं. तिला काही आलं नाही, पण तिला कधीच काही येत नसे. तिनं आधी धाकटीकडे बघितलं, मग बाबांकडे. दोघांचेही डोळे घट्ट मिटलेले होते.